लेकीचा वाटा

एप्रिलमधल्या एका सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकातून मातीने भरलेला डंपर आत शिरला, तेव्हा मी दात घासत होते. बिबवेवाडीत डंपरचं कुणाला नवल नाही. इथे रोज कुठली तरी इमारत पाडतात आणि तिच्या जागी तिप्पट उंचीची बांधतात. पण आमची इमारत अजून उभी होती, आणि मी तिची सेक्रेटरी असल्याने ती पाडायची ठरली असती तर निदान मला तरी कळवलं असतं, अशी माझी भाबडी समजूत आहे. मी तोंडातला ब्रश तसाच ठेवून गॅलरीतून ओरडले. तोवर त्याने मागचा हौदा उचललासुद्धा होता.

मी खाली पोहोचेपर्यंत अर्ध्या पार्किंगमध्ये काळीभोर माती सांडली होती. पलीकडच्या कोपऱ्यात आमचे चेअरमन यज्ञेश्वरकाका यांची नवी गाडी अडकली होती. बाहेर आणखी दोन डंपर नंबर लावून उभे होते.

"अहो सेक्रेटरीबाई," काका पहिल्या मजल्यावरून म्हणाले, "आपण इथे शेती सुरू करणार असाल तर सातबाऱ्यावर माझंही नाव लावा. मेन्टेनन्स वेळेवर भरतो मी."

मी डंपरवाल्यावर तुटून पडले. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "बागवान मॅडमची माती हाय. मांजरीच्या मच्छिंद्र आन्नांनी धाडलीय. पत्ता ह्योच हाय न्हवं?"

पत्ता बरोबर होता. बागवान मॅडम म्हणजे डॉक्टर उम्मेहानी, माझ्या समोरच्या दारात राहणारी माझी मैत्रीण. माणसांची नव्हे, मातीची डॉक्टर. मृदाशास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना काही कळत नाही, आणि नुसतं डॉक्टर म्हटलं की ते हात पुढे करून गुडघेदुखी सांगायला लागतात, म्हणून मी असंच सांगते. तिच्या दाराशी कुणी ना कुणी तपासायला मातीची पिशवी ठेवून जातच असतं. तशीच एखादी असेल असं वाटून ती हसत हसत खाली आली.

ढीग बघून ती थबकली. मग वाकून तिने एक ढेकूळ उचललं आणि दोन बोटांत दाबलं. ते दाणेदार फुटलं, आत केसासारखी बारीक मुळं दिसली. तिने ते नाकाशी नेलं. 

"नम्रता, ही माझी माती आहे."

"डंपरवालाही तेच म्हणतोय. पण ठेवायची कुठे?"

"तसं नाही गं," ती म्हणाली. "ही माझी माती आहे." आणि ती तिथेच जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. मी तिला वडिलांच्या मयतीत पाहिलंय, पण असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

ती का बसली ते कळायचं तर उम्मेहानी कोण ते आधी सांगायला हवं.

तिचे वडील अमीन बागवान मार्केट यार्डात फळांचे व्यापारी. लहानपणी ती त्यांच्या गाळ्यावर जायची आणि फळं सोडून कांद्याबटाट्याच्या पोत्यांखाली सांडलेली माती गोळा करायची. कुठली लाल, कुठली राखाडी, कुठली काळी. ती माती काचेच्या बरण्यांत भरून खिडकीत मांडायची. तिची आई कमरजहां कपाळाला हात लावायची. घरात धूळ कमी आहे म्हणून पोरगी बाजारातून आणते, असं ती आल्यागेल्याला सांगायची. पुढे पोरीने कृषी महाविद्यालय गाठलं, मातीतच पीएचडी केली आणि एका संशोधन संस्थेत नोकरीला लागली. लग्न अल्ताफभाईंशी झालं. त्यांचं बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचं दुकान. मातीतला खारेपणा मोजायचं तिचं यंत्र बिघडलं की ते रात्री जेवणाच्या टेबलावर उघडून बसत, आणि बायकोने दागिने मागितले असते तर परवडलं असतं असं म्हणत ते दुरुस्त करत.

तिची एक खोड मात्र मी जवळून भोगली आहे. उघडी माती तिला बघवत नाही. माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांवर ती वाळका पाला पसरून जायची. मी तो कचरा म्हणून काढायची. दुसऱ्या दिवशी परत पाला. शेवटी मीच हरले. शेतकऱ्यांच्या सभांतही ती हेच सांगायची: पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळू नका, जमीन उघडी टाकू नका, बाकी काही जमलं नाही तरी वरची वीतभर माती सांभाळा.

मांजरी गावाच्या अंगाला मच्छिंद्रचं रान आहे. होतं, असं म्हणायला हवं. तिथे वर्षानुवर्षं उसाला कालव्याचं पाणी धो धो दिल्याने जमीन चोपण झाली होती. चोपण म्हणजे पाणी मुरत नाही, उन्हाळ्यात जमिनीच्या पोटातले क्षार वर येतात आणि सगळीकडे पांढरं पडतं. त्यातला गुंठाभर सगळ्यात वाईट तुकडा उम्मेहानीने प्रयोगासाठी मागितला. मच्छिंद्रने तो आनंदाने दिला, कारण तिथे काही उगवतच नव्हतं. त्याची आई बायडाबाई तेव्हा हसून म्हणाली होती, "पोरी, हितं गवत बी रुसलंय. तू काय मनवनार?"

पोरीने मनवलं. खारं पाणी निघून जावं म्हणून बाजूने चर खणले, जिप्सम घातलं, हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून तो फुलायच्या आत जमिनीत गाडला, वर पाचटाचं जाड पांघरूण घातलं. पहिली काही वर्षं लोक हसले. मग ज्वारी आली. मग गांडुळं आली. शेवटी शेवटी ती माती अशी झाली की मुठीत घेतली तर हातातून सोडवत नसे. मी दोनदा हुरडा खायला गेले होते, आणि खरं सांगते, मला शेतीतलं काही कळत नाही, पण त्या तुकड्यावर चप्पल घालून चालायला जीव धजावला नव्हता. उम्मेहानीने त्यावर लेख लिहिले, पुस्तिका काढली. कालव्याकाठच्या कितीतरी शेतकऱ्यांनी तिचं बघून आपली चोपण रानं तशीच सुधारली. त्यांना ती सांगायची, एकदा माती अशी झाली की जमीन बरी झाली. मग चर बुजवले तरी चालतील.

आणि बायडाबाईला लेक मिळाली. तिला पोटची मुलगी नव्हती. ईदला इकडून शीरखुर्म्याचा डबा जायचा, दिवाळीला तिकडून करंज्या यायच्या. दर सुगीला बायडाबाई उम्मेहानीच्या पदरात ज्वारी घालायची. शास्त्रज्ञबाई ती ज्वारी आधी यंत्रात घालायच्या आणि मग खायच्या, एवढाच फरक.

फक्त एक गोष्ट राहिली होती. तिच्या संस्थेतले एक जुने सर प्रत्येक परिसंवादात उठून एकच बोलायचे. "बाई, एक उन्हाळा ती जमीन उघडी टाका. मग मीटरभर खोल नमुने घ्या. क्षार खरंच गेलेत की खाली दबा धरून बसलेत ते कळेल." ती म्हणायची, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी काही ना काही निघायचं. मला विचाराल तर कारणं सगळी खोटी होती. पाचट काढून ती माती उन्हात उघडी टाकायला तिचा हात धजत नव्हता. तान्ह्या पोराला कुणी उन्हात ठेवेल का, असं ती एकदा मला म्हणालीही होती.

मग ती निवृत्त झाली. मांजरी शहरात आली. मच्छिंद्रच्या रानाच्या चारी बाजूंनी टॉवर उठले आणि अखेर त्यानेही जमीन बिल्डरला दिली. ताबा अक्षय्य तृतीयेला. उम्मेहानी धावत गेली. या एका उन्हाळ्यात उत्तर मिळालं नाही तर पुढे त्या जागी तळघर खणणार होते, आणि तिच्या आयुष्यभराच्या कामावरचं ते प्रश्नचिन्ह कायमचं राहणार होतं. तिने मच्छिंद्रला विनवलं, "हरभरा निघाला की पाचट काढा. महिनाभर उन्हात राहू द्या. मी नमुने घेईपर्यंत त्या तुकड्याला कुणाला हात लावू देऊ नका." मच्छिंद्रने शब्द दिला. मध्ये ती आजारी पडली आणि तीनेक आठवडे तिकडे जाणं झालं नाही. नमुने घ्यायला आम्ही येत्या रविवारी जाणार होतो.

आणि आज तो तुकडा आमच्या पार्किंगमध्ये येऊन पडला होता.

माझी गाडी नशिबाने बाहेर लावलेली होती. मी उम्मेहानीला आत बसवलं आणि मांजरीला निघाले. तिने नमुने घ्यायचं लोखंडी गिरमिट सवयीने डिकीत टाकलं. वाटेत मी बिल्डरला, महापालिकेला आणि समोरच्या टँकरवाल्याला शिव्या देत राहिले. माझी खात्रीच होती की हे बिल्डरचं काम.

मच्छिंद्रच्या जुन्या घराचं निम्मं सामान हललेलं होतं. बायडाबाई अंगणात बाजेवर बसली होती. आम्हाला बघून तिचं तोंड फुललं.

"पोचली का गं माती?" ती म्हणाली. "समदी पोचली? सांडली तर न्हाय वाटंत?"

उम्मेहानी बाजेच्या कडेला टेकली. "आई, कुणी उचलली ती?"

"मी उचलाया लावली की. जमीन इकली का लेकींना बोलावत्यात, कागदावर सही घेत्यात, साडी-चोळी दिऊन वाटंला लावत्यात. रीतच हाय. माज्या पोटी लेक न्हाय. तू हायस. तुज्या सहीची गरज न्हाय म्हनून काय तुजा वाटा बुडवायचा व्हय? बिल्डर तळघर खनून ती माती कुटं तरी खानीत फेकनार. तुजा जलम गेला त्या वीतभर मातीत. म्हनलं, जिची हाय तिच्या दारात जाऊ दे."

मच्छिंद्रचा मुलगा सूरज प्लॉटिंगचा धंदा करतो. तो मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, "मॅडम, नर्सरीवाला मस्त रेट देत होता. पण आजीने डायरेक्ट व्हेटो मारला. म्हणाली, आत्याची आहे ती. जेसीबीवाल्याला पण ओरडत होती, खालची पिवळी माती मिक्स करू नको म्हणून."

मच्छिंद्र मागे उभा राहून हसत होता. काहीतरी मोठं चांगलं काम केल्यावर माणूस हसतो तसा.

उम्मेहानी उठली. इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, त्या दिवशी ऐकला. "मला विचारलं का नाहीत? मला माती नको होती, आई! मला ती जागच्या जागी हवी होती. एक महिना! एवढंच मागितलं होतं मी तुमच्याकडे. खरवडून काढल्यावर आता मी काय तपासू? कुठला थर कुठे होता ते कोण सांगणार मला? माझं सगळं आयुष्य डंपरमध्ये भरून पाठवून दिलंत तुम्ही!"

 बायडाबाईचं तोंड उघडंच राहिलं. मच्छिंद्रचं हसू ओठांवरच विरलं.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "तुमीच म्हनला न्हवं, पाचट काढा. आजवर तुमी कंदी काढू दिलं न्हाय. नखाएवढी माती उघडी दिसली तरी वरडायच्या. आमाला वाटलं, आता काढाया सांगतायत म्हंजी उचलूनच न्यायचीय. म्हनून तर आईनं घाई केली. पंधरवडा झाला उचलून, निस्ती छपराखाली झाकून ठिवली हुती. डंपर आज गावले."

उम्मेहानी रानाकडे चालू लागली. मी, मच्छिंद्र आणि सूरज मागे धावलो.

तो तुकडा लांबूनच दिसला. चौकोनी, आजूबाजूच्या रानापेक्षा वीतभर खोल आणि पांढरा. मला वाटलं बिल्डरच्या माणसांनी चुन्याची फक्की मारून खुणा केल्यात. मी तावातावाने सूरजला विचारलंही, की ताबा मिळायच्या आत यांनी आखणी कशी केली? तो म्हणाला, "इथे कोणीच आलेलं नाही, मॅडम."

उम्मेहानी त्या चौकोनात उतरली. गुडघ्यांवर बसली. तिने बोट ओलं करून त्या पांढऱ्यावर टेकवलं आणि जिभेला लावलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

"खारट," ती म्हणाली.

मला क्षणभर काही कळेना. ती हळूहळू बोलू लागली, जणू वर्गात शिकवत होती आणि वर्गात कुणीच नव्हतं. "वरची माती गेली, ऊन थेट इथे लागलं. खालचा ओलावा वर आला, पाणी उडून गेलं, मीठ राहिलं. एवढं मीठ, नम्रता. पंधरा दिवसांत. ते गेलंच नव्हतं कधी. वीतभर खाली बसलं होतं, पहिल्या दिवसापासून."

"पण पीक येत होतं ना? मी स्वतः हुरडा खाल्लाय!"

"झाकलेली होती तोवर येत होतं. मी जमीन बरी केली नाही गं. मी नुसती झाकून ठेवली होती."

मी हादरले. ज्या बाईच्या नावावर मी सोसायटीत मिरवत होते, जिचा सत्कार मी स्वतः हट्टाने घडवून आणला होता, ती त्या पांढऱ्या खड्ड्यात बसून हे बोलत होती. मला तिचा रागसुद्धा आला. कशाला चाटून बघायचं होतं? खड्डा झाला, प्रयोग मोडला, दोष दुसऱ्याचा. इतकी वर्षं लोकांनी मान दिला तसा पुढेही दिला असता. मी तसं बोलूनही गेले.

"आणि कालव्याकाठचे लोक?" तिने विचारलं. "मी त्यांना सांगितलंय की चर बुजवा, आता काळजी नाही. कितीजणांनी बुजवले असतील. त्यांच्या जमिनीखाली हेच बसलंय, आणि त्यांना ते माहीत नाही."

 तिने गिरमिट मागितलं. मी आणून दिलं. तिच्या एकटीच्या जोराने ते जमिनीत शिरेना. शेवटी मच्छिंद्र खाली उतरला, त्याने दांडा धरला आणि दोघांनी मिळून मीटरभर खोल नमुने काढले. प्रत्येक पिशवीवर तिने नाव, खोली, तारीख लिहिली. अक्षर वाकडं आलं, पण तिने एकही पिशवी सोडली नाही.

तेवढ्यात बायडाबाई काठी टेकत बांधावर आली. उन्हात तिचे डोळे मिचमिचे झाले होते. खाली उतरायची तिची हिंमत होईना. ओरडा खाल्लेलं पोर उभं राहतं तशी ती उभी राहिली.

"चुकलं व्हय गं माजं?" तिने विचारलं.

उम्मेहानी वर चढली. तिचे हात मिठाने पांढरे झाले होते, ते तिने आधी पदराला पुसले आणि मग म्हातारीचे हात धरले.

"नाही, आई. माझा वाटा सगळा पोचला. मी केलेलं होतं तेवढं सगळं तुम्ही पाठवलंत. खाली माझं काहीच राहिलं नव्हतं."

बायडाबाईला यातलं काय कळलं देव जाणे. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि उम्मेहानीच्या तोंडावरून हात फिरवला. मी दुसरीकडे बघत राहिले.

परतीच्या वाटेवर तिने त्या जुन्या सरांना फोन लावला. ते आता कर्वेनगरला लेकाकडे असतात, कमी ऐकू येतं. तिला ओरडून सांगावं लागलं. "सर, तुमचं बरोबर होतं. क्षार तिथेच आहेत!" फोन स्पीकरवर होता. मला वाटलं म्हातारा आता मीठ चोळणार. पण ते एवढंच म्हणाले, "फार वाईट वाटलं, बाई. किती खोलीवर?"

"वीतभर."

"लिहून काढा," ते म्हणाले. "तुम्हीच लिहा. दुसऱ्या कुणी लिहायच्या आत."

फोन ठेवून तिने लगेच कालव्याकाठच्या पहिल्या शेतकऱ्याला लावला. सरळ सांगितलं. माझी चूक झाली, चर बुजवले असतील तर पुन्हा उघडा, जमिनीवरचं पाचट काढू नका. पलीकडचा माणूस चिडला, ते मला गाडी चालवताना ऐकू येत होतं. ती सगळं ऐकून घेत होती आणि मध्येच "हो, मीच सांगितलं होतं" म्हणत होती. मग तिने दुसरा नंबर लावला.

सोसायटीत पोहोचलो तेव्हा बाकीचे दोन डंपरही रिकामे होऊन गेले होते आणि ऊन थेट ढिगावर आलं होतं. काही सभासद घमेली घेऊन जमले होते, फुकटची माती कोण सोडतो! मी गाडीतूनच असा आवाज लावला की घमेली जागच्या जागी राहिली. उम्मेहानी सरळ वर गेली आणि दोन चादरी घेऊन खाली आली. एक ढिगाच्या या टोकाला घातली, एक त्या टोकाला. मधला मोठा भाग उघडाच राहिला. ती तिथे रिकाम्या हातांनी उभी राहिली.

मला राहवलं नाही. "अगं, आता झाकून काय उपयोग? तूच म्हणालीस ना मघाशी?"

"खोट खाली होती गं," ती म्हणाली. "हिच्यात काही खोट नाही. ही खरंच चांगली झाली होती."

आणि मग ती रडली. तिथेच, सगळ्यांसमोर, मातीवर एक हात ठेवून.

यज्ञेश्वरकाका जिन्यात उभे होते. सकाळपासून त्यांनी ग्रुपवर पाच मेसेज टाकले होते आणि सहावा बहुतेक तयार होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मोबाइल खिशात टाकला, भिंतीला घासत ढिगापलीकडे गेले आणि आपल्या नव्या गाडीवरचं कव्हर ओढून काढलं.

"घ्या," ते म्हणाले. "गाडी तशीही कुठे जात नाहीये."

आम्ही तिघांनी ते दोन्ही बाजूंनी धरलं आणि ढिगावर घातलं.